जुन्या ब्रिटिश नाण्यांची पारख : ओळख, प्रतवारी आणि किंमत

छंद म्हणून जुनी ब्रिटिश नाणी जमवणाऱ्या माणसाला हाती आलेल्या प्रत्येक नाण्याबाबत ते नेमके कोणते, ते कितपत चांगल्या अवस्थेत टिकले आहे आणि त्याचे पैसे किती मोजावेत, हे ठरवावे लागते. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले, तरी त्यांची उत्तरे सारख्या खात्रीने देता येत नाहीत. नाणे ओळखण्याचे बहुतेक प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अभ्यासाने सुटले आहेत. प्रतवारीचे शब्द मात्र सर्वांचे एक असूनही त्यांचा अर्थ माणसागणिक आणि देशागणिक बदलतो, आणि किंमत तर या दोन्हींवर उभी असल्याने त्यांतील प्रत्येक चूक तिच्यात उतरते. संग्राहकांमधील बरेचसे वाद या पायऱ्यांची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण होतात, असे या क्षेत्रातील लेखन वाचताना वारंवार जाणवते. म्हणून प्रस्तुत आढाव्यात त्या क्रमाने घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे 240 पेन्स, ही इंग्लंडची हिशेबाची रीत शतकानुशतके चालली आणि 15 फेब्रुवारी 1971 रोजी दशमान पद्धत आल्यावर संपली. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया 1957 पर्यंत मोजलेल्या समाजाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. पेनीचा चौथा हिस्सा फार्दिंग, दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफ-क्राउन, पाच शिलिंगांचा क्राउन आणि वीस शिलिंगांचे सोन्याचे सॉव्हरिन, ही संग्राहकाच्या नेहमीच्या बोलण्यातली नावे होत.

तंत्राच्या दृष्टीने या नाण्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिला ठोकीव नाण्यांचा. त्यांत धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोड्याचा घाव घालत, त्यामुळे चित्र मध्यापासून सरकणे, लेख अर्धवट उमटणे, कड वेडीवाकडी राहणे हे स्वाभाविक होते. दुसरा वर्ग यंत्रछाप नाण्यांचा. पहिल्या एलिझाबेथच्या काळात 1561 पासून काही वर्षे आणि पुढे पहिल्या चार्ल्सच्या काळात यंत्राचे प्रयोग झाले, परंतु टांकसाळीने हातोडा कायमचा खाली ठेवला तो 1662 च्या सुमारास. त्या वर्षीच्या क्राउनच्या कडेवर ‘अलंकार आणि संरक्षण’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले दिसतात, कारण कडेवर अक्षरे असलेल्या नाण्याची चांदी कातरून घेतली तर ती चोरी लगेच उघडी पडे.

या नाण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाला संस्थांचे बळ मिळाले. आज रॉयल न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नावाने ओळखली जाणारी संस्था 1836 मध्ये स्थापन झाली, तर केवळ ब्रिटिश नाण्यांना वाहिलेली ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक सोसायटी 1903 मध्ये. सामान्य संग्राहकासाठी अधिक निर्णायक ठरली ती सीबी या लंडनच्या व्यापारी पेढीने 1929 पासून काढलेली किमतींसह सूची. ती आज स्पिंक या पेढीकडून प्रसिद्ध होते आणि तिच्यातील क्रमांक हेच नाण्याचे सर्वमान्य नाव बनले आहे. पुढे दशमान पद्धतीची चाहूल लागली तेव्हा, 1960 च्या दशकात, सुट्ट्या पैशांतून वर्षवार पेनी वेचण्याची लाटच आली. 1860 मध्ये सुरू झालेली काशाची पेनी 1971 पर्यंत चलनात होती, त्यामुळे शंभर वर्षे हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या व्हिक्टोरियाच्या पेनी लोकांच्या खिशात असत. झिजलेल्या पेनींचा आजचा सुकाळ आणि न झिजलेल्यांचा दुष्काळ या दोन्हींचे मूळ त्या दीर्घ चलनात आहे.

ओळख

ओळखीची सुरुवात चित्र, लेख, धातू आणि वजन यांपासून होते. लेख बहुधा लॅटिन संक्षेपांत असतो आणि तो वाचता आला की काळ बराच आवळता येतो. ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द जवळजवळ सर्वत्र असतात. 1849 च्या फ्लोरिनवर ते वगळले गेले म्हणून लोकांनी त्याला देवहीन फ्लोरिन म्हटले आणि 1851 पासून नव्या घडणीच्या फ्लोरिनवर ते परत आले. ‘धर्मरक्षक’ ही पदवी पहिल्या जॉर्जच्या कारकिर्दीपासून नाण्यांवर येते. फ्रान्सच्या राज्याचा दावा 1801 पासून लेखातून गळतो. ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ या पदवीचा संक्षेप ब्रिटनच्या नाण्यांवर 1893 पासून दिसू लागतो आणि भारत स्वतंत्र झाल्यानंतर, 1949 च्या नाण्यांपासून, नाहीसा होतो. चार अक्षरांच्या असण्या-नसण्यात राजकीय इतिहास असा नोंदला गेलेला असतो, आणि या छंदाची खरी गोडी बहुतेकांना इथेच लागते.

मध्ययुगीन नाण्यांत मात्र लेख फसवा ठरू शकतो. 1180 ते 1247 या काळातील आखूड क्रुसाच्या पेनींवर सर्वत्र हेन्री हेच नाव आहे. दुसरा हेन्री, रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री अशा चार राजांच्या कारकिर्दी त्या काळात येतात, तरी रिचर्ड आणि जॉन यांची नावे इंग्लंडमधल्या या पेनींवर कुठेच नाहीत. त्यांची विभागणी शक्य झाली ती मुकुटाची घडण, केसांचे कुरळे, अक्षरांचे वळण आणि मागील बाजूवर असणारी टांकसाळीची व टांकसाळकराची नावे यांच्या तुलनेतून. सर जॉन इव्हान्स यांनी एकोणिसाव्या शतकात पाया घातला, विसाव्या शतकाच्या आरंभी एल. ए. लॉरेन्स यांनी तो रचला आणि आठ वर्गांची आजची मांडणी त्यातून उभी राहिली. पहिल्या तीन एडवर्डांच्या पेनींचीही तीच कथा आहे. त्यांतील पहिल्या दोघांच्या नाण्यांचे फॉक्स बंधूंनी पंधरा वर्ग पाडले, परंतु दहावा वर्ग सुमारे 1301 ते 1310 असा पसरलेला असल्याने, 1307 मध्ये राजा बदलला तरी नाण्यात फरक पडत नाही. अशा पेनीवर ‘पहिला एडवर्ड’ अशी चिठ्ठी लावताना उपवर्गही नोंदवणे हीच प्रामाणिक रीत होय. आठव्या हेन्रीच्या पहिल्या नाण्यांवर तर चेहरा त्याच्या वडिलांचाच आहे, फक्त अंक बदलला आहे.

ट्यूडर आणि स्टुअर्ट काळात ओळखीचा आधार बनते ते लेखाच्या आरंभी असणारे छोटे चिन्ह. कधी घंटा, कधी गुलाब, कधी अर्धचंद्र. टांकसाळीच्या नाण्यांची ठरावीक मुदतीने अधिकृत तपासणी होई आणि कोणत्या मुदतीत नाणे पाडले हे त्या चिन्हावरून कळे, म्हणून तारीख नसलेल्या नाण्याचाही काळ आज काही वर्षांच्या आत ठरवता येतो. पहिल्या एलिझाबेथच्या नाण्यांत आणखी एक सोय आहे. शेजारशेजारच्या मूल्यांची चांदीची नाणी आकाराने जवळजवळ सारखी असल्याने सहा पेन्स, तीन पेन्स, दीड पेनी आणि पाऊण पेनी यांवर राणीच्या डोक्यामागे गुलाब घातला गेला, तर शिलिंग, चार पेन्स, दोन पेन्स आणि पेनी यांवर तो नाही. घासलेल्या नाण्यावरही गुलाबाची सावली दिसली, की अर्धे काम होते.

अठराव्या शतकातील काही नाण्यांवर धातूचा उगम सांगणाऱ्या खुणा आहेत. 1702 मध्ये स्पेनच्या व्हिगो बंदरात हाती लागलेल्या लुटीतून पाडलेल्या नाण्यांवर ‘व्हिगो’, 1745-46 च्या काही नाण्यांवर ‘लिमा’, साउथ सी कंपनीच्या चांदीच्या नाण्यांवर 1723 मध्ये कंपनीची आद्याक्षरे, आणि दुसऱ्या जॉर्जच्या गिनी नावाच्या काही सोन्याच्या नाण्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची आद्याक्षरे आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुणा येतात त्या टांकसाळींच्या. काशाच्या पेनीवर तारखेजवळ ‘एच’ हे अक्षर असेल तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्यात पाडलेली. 1918 व 1919 च्या काही पेनींवर किंग्ज नॉर्टन कारखान्याची दोन अक्षरे सापडतात. सॉव्हरिनवर सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि प्रिटोरिया यांची अक्षरे आहेत, आणि ‘आय’ हे अक्षर 1918 या एकाच वर्षी मुंबईत चाललेल्या शाही टांकसाळीच्या शाखेचे. 2013 पासून भारतात परवान्याखाली पाडल्या जाणाऱ्या नव्या सॉव्हरिनवरही तेच अक्षर असते, म्हणून अक्षराबरोबर वर्ष आणि चेहरा पाहणे आवश्यक ठरते.

व्हिक्टोरियाच्या दीर्घ कारकिर्दीतील चेहऱ्यांची क्रमवारी नवशिक्याने आधी पाठ करावी, असे अनेक मार्गदर्शक सुचवतात आणि ते योग्यच आहे. विल्यम वायन यांनी घडवलेला तरुण चेहरा, 1887 चा बोहम यांचा लहान मुकुटाचा चेहरा आणि 1893 चा ब्रॉक यांचा पदर घेतलेला वृद्ध चेहरा हे तीन टप्पे समजले, की 1860 च्या पेनीवरचा अंबाडा घातलेला चेहरा वेगळा उठून दिसतो. 1887 हे वर्ष मात्र सावधगिरीचे. त्या वर्षीच्या सहा पेन्सांची मागील बाजू अर्ध्या सॉव्हरिनसारखी असल्याने लोकांनी त्यावर सोन्याचा मुलामा चढवून ती खपवली आणि ती रचना मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी आलेल्या चार शिलिंगांच्या नाण्यावर मूल्य लिहिलेले नसल्याने ते पाच शिलिंगांचे समजून घेतले जाई. क्राउनचे वजन 28.28 ग्रॅम आणि चार शिलिंगांच्या नाण्याचे सुमारे 22.6 ग्रॅम, त्यामुळे साधा तराजू हा वाद क्षणात मिटवतो.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न ओळखीचाच भाग मानावा लागतो. नाणे वाजवून घेण्याची जुनी रीत आजही निरुपयोगी झालेली नाही, कारण शिसेमिश्रित नाण्याचा आवाज बसका येतो. मात्र तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते. ओतीव नकलेच्या कडेवर सांधा, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या पायाशी गोलसर उतार दिसतात. अधिक अवघड आहेत त्या पूर्ण कसाच्या नकला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉनमध्ये पाडलेल्या बनावट सॉव्हरिनमध्ये सोने जवळजवळ पुरेसे असे, त्यामुळे 7.98 ग्रॅम वजन आणि 22 कॅरट कस ही सराफाची कसोटी तिथे तोकडी पडते आणि अक्षरांची धार, केसांचे तपशील यांचीच साक्ष काढावी लागते. 1905 च्या हाफ-क्राउनसारख्या दुर्मीळ नाण्यांच्या नकला संग्राहकांसाठीच बनवल्या गेल्या आहेत.

प्रतवारी

नाण्याची प्रत सांगणारे ब्रिटिश शब्द थोडे आहेत आणि त्यांतच त्यांची सोय आणि अडचण दोन्ही सामावल्या आहेत. ‘फाइन’ म्हणजे बरीच झीज, पण मुख्य तपशील शाबूत. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे उठावदार भागांवर झीज, पण केसांच्या बटा वेगळ्या दिसाव्यात. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणजे केवळ उंचवट्याच्या टोकांवर बारकाईने पाहिल्यास जाणवणारी झीज. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे चलनात न फिरलेले. त्याहून वरचा फ्रेंच शब्द ‘फ्लूर द क्वाँ’ आता मुख्यतः संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रूफ नाण्यांसाठी राखला जातो.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी मांडली. मूळ कल्पना अशी होती की सर्वांत खालच्या प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत सर्वांत वरच्याला यावी. किमतीचे ते गणित लवकरच कोलमडले, आकडे मात्र टिकले आणि 1986 मध्ये पीसीजीएस व 1987 मध्ये एनजीसी या कंपन्यांनी आकडा देऊन नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवण्याची प्रथा पाडली. ब्रिटनमध्येही शंभर अंकांची एक श्रेणी वापरात आली. आकडे आणि शब्द यांच्यामध्ये भाषांतर करताना सर्वांत मोठी गफलत ‘एक्स्ट्रीमली फाइन’ या शब्दावर होते. अमेरिकेत 40 ते 45 आकड्यांना हे नाव आहे, तर ब्रिटिश परंपरेत याच नावाचे नाणे त्याहून बरेच वरच्या, 55 च्या आसपासच्या आकड्यांशी जुळते. शब्द तोच राहिला तरी नाणे वेगळे असते आणि दोन देशांतील व्यवहारात यामुळे होणारे नुकसान खरेदी करणाऱ्याच्याच माथी येते.

आकड्यांच्या बाजूने असे मांडले जाते की तिसऱ्या, निःपक्ष पारख्याचे मत मिळाल्याने दूर बसलेला ग्राहक निर्धास्त होतो, बनावट नाणी गाळली जातात आणि किमतींची तुलना शक्य होते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की 63 आणि 64 यांच्यातील फरक मोजलेला नसून पाहणाऱ्याला वाटलेला असतो, तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवले तर आकडा बदलू शकतो आणि डबीत बंद नाण्याची कड व वजन संग्राहकाला पाहता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सोन्याच्या आणि महाग नाण्यांबाबत सत्यतेची हमी ही डबीची खरी देणगी आहे. तिच्यावरील आकड्याला मात्र तपासण्याजोगे मत मानावे, मोजमाप मानू नये, असे या लेखनाच्या अभ्यासातून वाटते.

झीज आणि अपुरा ठसा यांतील फरक हा प्रतवारीचा सर्वांत नाजूक भाग. पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या पेनींवर राजाच्या मोठ्या, उंच चेहऱ्याने धातू ओढून घेतल्याने मागच्या बाजूची ब्रिटानिया टांकसाळीतूनच पुसट बाहेर पडत असे. पुढे चेहऱ्याचा उठाव कमी करून ही खोट दुरुस्त केली गेली. अशी पेनी मागून पाहिली तर ‘फाइन’ वाटते, पण तिची मूळ झळाळी शाबूत असू शकते. ठोकीव नाण्यांत हे आणखी गुंतागुंतीचे होते, कारण चकतीचा आकार, कातरलेली कड, दुहेरी घाव आणि ठशाची अवस्था हे सारे झिजेशी संबंध नसलेले दोष आहेत. म्हणून त्यांच्या वर्णनात एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्याची गरज असते: चेहरा अमुक प्रतीचा, लेख इतका वाचनीय, पृष्ठभाग असा.

साफसफाईचा वाद जुनाच आहे. ब्रशने, भांडी घासण्याच्या पावडरीने किंवा आम्लाने चमकवलेले नाणे संग्राहक कमी मोलाचे धरतात, कारण घासल्याने पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि मूळ झळाळी परत येत नाही. चांदीवर कालांतराने चढणारा निळसर-तपकिरी थर काहींना शोभा वाटतो, काहींना डाग. तांब्यावरील हिरवा जंग मात्र पसरतो, तेव्हा तो अ‍ॅसिटोनसारख्या, धातूशी प्रतिक्रिया न होणाऱ्या द्रवाने सैल करून काढणे ही स्वच्छता आहे की जतन, यावर एकमत नाही. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतील पदार्थ नाण्यावर चिकट थर धरतो, याबाबत मात्र वाद उरलेला नाही. साखळीत अडकवण्यासाठी कडी लावलेल्या नाण्याच्या कडेवरील डाग कितीही झाकला तरी भिंगाखाली उघडा पडतो आणि त्याची नोंद करणे विक्रेत्याचे कर्तव्य मानले जाते.

किंमत

किमतीचा पाया धातू. 1919 पर्यंतच्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांत हजारात 925 भाग चांदी आहे, 1920 ते 1946 च्या नाण्यांत 500 भाग आणि 1947 पासून सामान्य चलनात चांदी नाहीच. त्यामुळे झिजलेला हाफ-क्राउन 1919 चा आहे की 1921 चा, यावर त्याच्या धातूची किंमत जवळजवळ दुप्पट-निम्मी ठरते.

धातूच्या वर दुर्मीळता येते आणि इथे टांकसाळीच्या आकड्यांवरचा विश्वास सर्वांत जास्त दगा देतो. टांकसाळीची नोंद त्या वर्षी पाडलेल्या नाण्यांची असते; पुष्कळदा जुन्या वर्षाचे ठसे वापरले गेलेले असतात आणि नंतर किती वितळवली गेली, याचा हिशेब त्यात नसतो. 1951 च्या पेनी केवळ 1,20,000 पाडल्या गेल्या आणि त्यांतील बऱ्याच बर्म्युडात गेल्या, पण दुर्मीळ म्हणून त्या आरंभीच उचलून जपल्या गेल्याने चांगल्या प्रतीत आजही मिळतात. 1869 च्या पेनीची संख्या पंचवीस लाखांवर असूनही न झिजलेली प्रत विरळ आहे, कारण ती जपून ठेवण्याचे कारण तेव्हा कुणालाच नव्हते. म्हणूनच टांकसाळीच्या आकड्यांपेक्षा हयात नाण्यांचा अंदाज देणाऱ्या श्रेणी अधिक उपयोगी पडतात. मायकेल फ्रीमन यांनी 1970 मध्ये काशाच्या नाण्यांसाठी वीस पायऱ्यांची दुर्मीळता मांडली. तांबे, कथील व काशाच्या नाण्यांची ब्रिटिश म्युझियममधील सूची 1960 मध्ये विल्सन पेक यांनी दिली, तर चांदीसाठी सीबी आणि रेनर यांची सूची प्रमाण मानली जाते. 1933 ची पेनी या सर्व श्रेणींच्या टोकाला आहे. इमारतींच्या पायाभरणीत ठेवण्यासाठी जेमतेम काही पाडल्या गेल्या आणि सुमारे सातच माहीत आहेत.

सूचीतील किंमत म्हणजे विक्रेत्याने त्या प्रतीचे नाणे ग्राहकाला ज्या भावाने द्यावे, तो अंदाज. तोच विक्रेता घेताना त्याहून बराच कमी देईल. लिलावातील बोलीवर ग्राहकाला वेगळे शुल्क भरावे लागते, म्हणून जाहीर झालेल्या रकमेत ते धरले आहे की नाही, हे पाहूनच तुलना करावी. तिसऱ्या हेन्रीची सोन्याची पेनी जानेवारी 2022 मध्ये लंडनमध्ये 6,48,000 पौंडांना गेली, ती शुल्कासह. अशा बातम्यांनी घरातल्या डब्यातील व्हिक्टोरियाच्या पेनीचे मोल वाढत नाही, तरी त्या वाचून विकायला आलेल्या माणसाची निराशा हा व्यापाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

अनिर्णित मुद्दे

सर्वांत जिव्हाळ्याचा अनिर्णित मुद्दा उपप्रकारांचा आहे. काशाच्या पेनीत मण्यांची किंवा दातांची कड, तारखेतील अंकांचे अंतर, ठशावरील क्रमांक यांनुसार शेकडो भेद नोंदले गेले आहेत. काहींच्या मते टांकसाळीचे काम कसे चालले याची ही एकमेव साक्ष असल्याने प्रत्येक भेदाला क्रमांक द्यावा. इतरांना वाटते की भिंगाशिवाय न दिसणारा फरक किमतीत उतरवला तर छंदाचे रूपांतर याद्या भरण्यात होते. सूचींनी यावर एकच भूमिका घेतलेली नाही आणि त्यामुळे तेच नाणे एका पुस्तकात सामान्य, तर दुसऱ्यात दुर्मीळ ठरते.

दुसरा मुद्दा जमिनीतून येणाऱ्या नाण्यांचा आहे. 1996 च्या खजिना कायद्यानुसार इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये एका ठिकाणी सापडलेली तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक सोन्या-चांदीची नाणी कळवावी लागतात आणि 1997 पासून सुटी सापडलेली नाणीही स्वेच्छेने नोंदवण्याची व्यवस्था आहे. या नोंदींमुळे आखूड क्रुसाच्या पेनीसारख्या नाण्यांचे वर्ग आणि प्रसार यांची माहिती पुष्कळ वाढली, पण एक मोठा साठा बाहेर आला तर काल दुर्मीळ मानलेला वर्ग आज सामान्य होतो. सूचीतील दुर्मीळतेचे शेरे या वेगाने बदलत नाहीत आणि धातुशोधकांच्या नोंदींना किमतीत किती वजन द्यावे, हे ठरलेले नाही.

मराठी संग्राहकाशी थेट जोडलेला प्रश्न 1918 च्या मुंबईच्या सॉव्हरिनचा आहे. हे नाणे सुमारे तेरा लाख पाडले गेले आणि जगाच्या बाजारात ते फारसे दुर्मीळ मानले जात नाही, परंतु 2018 मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाल्यापासून 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते भारतात पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या सूचीत त्याची किंमत प्रत आणि वर्ष पाहून लिहिली जाते, सराफाच्या दुकानात तेच नाणे तोळ्याच्या भावाने वितळवण्यासाठी घेतले जाऊ शकते, आणि निर्यातीचे दार बंद असल्याने हे दोन भाव एकमेकांना ओढून जवळ आणू शकत नाहीत. भारतातील संग्राहकाने यांपैकी कोणता भाव आपल्या नोंदवहीत लिहावा, याची सर्वमान्य रीत अद्याप बसलेली नाही.